पिवळी रेकॉर्ड आणि आखाजीचा झोका

जळगावात राहून रेकॉर्डी जमवणं म्हणजे भट्टीशेजारी बसून मेणबत्त्या जमवणं. हे मला कोणी सांगायची गरज नाही, तरी सगळे सांगतात. शेजारचे नाना सांगतात, पुण्याचे जमवणारे दोस्त फोनवर सांगतात, आणि बायको तर लग्न झाल्यापासून सांगते. एप्रिल-मे महिन्यात इथं सकाळीच रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायला लागतं. खिडकीतून थोडं ऊन आलं की एलपीची वाटी होते. वाढून घ्या वरण! म्हणून माझा साधा नियम आहे: होळी पेटली की मागवणं बंद. परदेशातला विकणारा कळवतो, माल आत्ताच आहे, घ्या. मी म्हणतो, दसऱ्यानंतर पाठव बाबा. त्याला वाटतं मी मुहूर्त बघतोय.

आणि जमवतो काय? लोकांना वाटतं जुनी हिंदी गाणी असतील, नाहीतर नाट्यपदं. नाही हो. साठ-सत्तरच्या दशकातलं अमेरिकेतल्या काळ्या वादकांचं संगीत. त्याला सोल-जॅझ म्हणतात. त्यात विजेवरचा ऑर्गन असतो, तो मूळचा चर्चमधला, पण इथं त्याला दारूच्या गुत्त्यात आणून बसवलेला. सोबत सॅक्सोफोन, गिटार आणि असा काही ड्रम की बसलेल्या माणसाचा पाय आपोआप हलायला लागावा. भजनाची पेटी आणि लग्नातला बँड यांचं लफडं जमलं तर जे पोर होईल, ते हे. जळगावात हे ऐकणारे दोनच जण होते, मी आणि अक्का. त्यातली अक्काही लग्नानंतर धुळ्याला गेली, म्हणजे मी एकटाच उरलो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्या घरात पहिली रेकॉर्ड आली ती तिच्यामुळे नाही, माझ्यामुळेही नाही, वडिलांच्या बदलीमुळे. ते एसटीत मेकॅनिक होते, तेव्हा साक्रीच्या बाजूला होते. पिंपळनेरला एक परदेशी डॉक्टर बरीच वर्षं राहून मायदेशी निघाला होता आणि घरातलं सामान काढत होता. वडिलांना हवं होतं टेबल. टेबल आधीच गेलं होतं, म्हणून ते सुटकेससारखा मिटणारा रेकॉर्ड प्लेअर आणि रेकॉर्डींचं खोकं घेऊन घरी आले. आईनं त्या दिवशी काय काय ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही.

त्या खोक्यात बहुतेक प्रार्थनेची गाणी होती. तळाशी एक निघाली, पिवळ्याजर्द कव्हरची. कव्हरवर एक बाई, डोक्यावर केसांचा हा एवढा गोल, तोंड उघडं टाकून हसतेय. नाव इंग्रजीत होतं आणि आम्हा दोघांना तेव्हा इंग्रजी येत नव्हतं, म्हणून अक्कानं तिचं नाव ठेवलं पिवळी. तेच पुढे चाललं. मी इंग्रजी शिकलो, नोकरीला लागलो, पण पिवळीला तिच्या खऱ्या नावानं आम्ही कधीच हाक मारली नाही.

पिवळीच्या दुसऱ्या बाजूला शेवटचं वाजवणं होतं, त्यात एक गंमत होती. ऑर्गन चढत चढत जातो, आता काहीतरी होणार असं वाटतं, आणि सगळे एकदम थांबतात. त्या शांततेत कोणीतरी बाई मोठ्यानं हसते. कोण होती, का हसली, काही कळत नाही. ती हसून झाली की धाडकन ड्रम येतो. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा अक्का त्या बाईच्या पाठोपाठ हसली. ठरवून नाही, आपोआपच. मग म्हणाली, "आखो एक डाव, भो." म्हणजे आणखी एकदा. मी सुई मागे नेली. बाई हसली, अक्का हसली. आईनं शेवटी प्लेअरची वायरच काढून ठेवली.

घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. मराठी शाळेसाठी, पुढे माझ्या कारखान्यासाठी. अक्का मात्र शिक्षिका होऊनही माहेरी पाय ठेवला की पुस्तकातली मराठी उंबऱ्याबाहेर सोडायची.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमची आखाजी खानदेशाबाहेरच्यांना नीट कळत नाही. बाकीचे लोक त्या दिवशी सोनं घेतात. आमच्याकडे लेकी माहेरी येतात. झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, बायका पोरीबाळी दिवसभर झोक्यावर आणि बापे दिवसभर पत्त्यांवर. खापरावरचे मांडे, आमरस, कुरडया. आणि सासरहून लेक आपली आपण येत नाही, तिला आणायला माहेरचा माणूस जातो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. अक्काचं लग्न झाल्यापासून मुऱ्हाळी मीच. आधी एसटीनं जायचो, मग मोटरसायकलनं, मग गाडीनं. येताना एरंडोलला थांबून भजी आणि चहा. तिथंच ती विचारायची, "औंदा काय आणलं?"

कारण साडी तर सगळेच भाऊ देतात. मी तिला साडीही द्यायचो, पण तिच्यासाठी वर्षभरात मिळवलेली एक रेकॉर्ड राखून ठेवायचो, तिच्याआधी स्वतः न ऐकता. आमचं घर प्लॉटवर बांधलेलं, पुढे कडुनिंब. खिडकीत प्लेअर, निंबाला झोका. ती झोक्यावर बसायची, मी सुई टाकायचो. आजूबाजूच्या बायका गौराईची गाणी म्हणायचं थांबवून बघत राहायच्या, हिच्या घरात हे काय लावलंय! अक्काला कसली लाज? ती ठेक्यात पाय मारायची. झोका पुढे गेला की ऑर्गन, मागे आला की ड्रम. बरी वाटली तर "चांगली शे," नाही वाटली तर "विकून टाक." तिनं विकून टाक म्हटलेल्या मी खरंच विकल्या. पुण्यातले लोक दहा पुस्तकं वाचून जे ठरवतात ते ती झोक्यावर ठरवायची. आणि शेवटी, नवी कितीही चांगली असो, पिवळी लावायचीच. एकदा आमरसाच्या हातानं तिनं कव्हर उचललं. त्या हसऱ्या बाईच्या गालावर तिच्या अंगठ्याचा डाग पडला, पिवळ्यावर पिवळा. मी तेव्हा तिच्यावर एवढा ओरडलो होतो की ती संध्याकाळपर्यंत बोलली नाही. मग भजी खाऊ घालून मनवली.

मी नोकरी केली पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात, तपासणी विभागात. पाइप किती उष्णतेला मऊ पडतो, कितीला वाकतो, हे बघण्यात आयुष्य गेलं. आणि रेकॉर्ड म्हणजे तरी काय, तेच प्लास्टिक. त्यामुळे उन्हाळ्यात माझा जीव कसा टांगणीला लागायचा ते मलाच ठाऊक. मागच्या वर्षीच्या आधीचा उन्हाळा तर हद्द होता. कपाटातल्या कपाटात काही चांगल्या रेकॉर्डी वाकल्या. मी फोनवर अक्काजवळ रडगाणं गायलो. ती ऐकून घेऊन म्हणाली, "सावदामा केळीसले एसी शे, आनि तुन्या रेकॉर्डी भट्टीमा!"

आणि मला पटलं ना! सावद्याचा माझा एक जुना दोस्त कारखाना सोडून घरच्या केळीच्या धंद्यात गेला होता. त्याच्याकडे केळी पिकवण्याची थंड खोली होती. कच्ची केळी क्रेटमध्ये रचायची, दार लावायचं, आत बारा महिने थंडी. मी त्याला एकच प्रश्न विचारला, किती डिग्री? त्यानं सांगितलं. आकडा ऐकून माझ्यातला पाइपवाला खूश झाला. एवढ्या थंडीत प्लास्टिकला काय होतंय? पुढच्या होळीनंतर मी सगळ्या रेकॉर्डी केळीच्याच क्रेटमध्ये भरून सावद्याला नेऊन ठेवल्या. पिवळीसुद्धा.

त्या हिवाळ्यात अक्काला पोटाचा आजार निघाला होता. नाशिकला नेलं, ऑपरेशन झालं, औषधं चालू झाली. डॉक्टर दाजींशी बोलले, दाजी माझ्याशी बोलले, आणि मी कोणाशीच नाही बोललो. अक्का मात्र फोनवर ठणठणीत. म्हणायची, औंदा आखाजीला येणार म्हणजे येणार. आणि नवी रेकॉर्ड नको आणू, मला फक्त पिवळी ऐकायची आहे, झोक्यावर बसून. हे ती पुन्हा पुन्हा म्हणायची. मलाही कळत होतं ती का म्हणते. आमच्या दोघांमध्ये ते बोलून दाखवायची रीत नव्हती. मी आपला म्हणायचो, ये तू, निंबाला नवा दोर बांधतो.

आखाजीच्या आठवडाभर आधी मी सावद्याला गेलो. दोस्तानं दार उघडलं. आतून गारव्यासोबत पिकल्या केळ्यांचा वास आला आणि पायाखाली फरशी ओली होती. मी म्हटलं, हे पाणी कसलं? तो म्हणाला, रोज मारावं लागतं, हवा दमट नसली तर केळीची साल काळी पडते.

दमट. हात्तिच्या! सगळं आयुष्य प्लास्टिक तपासलं मी. रेकॉर्डीला कागदाचं कव्हर असतं हे माझ्या टाळक्यात आलंच नाही, आणि केळीला ओल लागते हे त्याला सांगावंसं वाटलं नाही. क्रेट उघडले तर कव्हरं फुगून एकमेकांना चिकटलेली, शिळ्या भाकरीवर येते तशी बुरशी. उचलायला गेलो तर हातात लगदा. मी दोस्ताला जे तोंडाला येईल ते बोललो. तो बिचारा उभाच. मग म्हणाला, "तूच सांगितलं ना भाऊ, थंड पाह्यजे म्हनून. थंडच ठेवलं." क्रेट गाडीत भरले आणि घरी आलो.

प्लास्टिकला खरंच काही झालं नव्हतं, तेवढा माझा हिशेब बरोबर निघाला. गच्चीवरच्या खोलीत टब मांडला. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी गॅरेजवाल्याकडून आणलं, त्यात लहान बाळाचा शॅम्पू. एकेक रेकॉर्ड मऊ फडक्यानं धुवायची आणि पंख्याखाली उभी करायची. पण मधल्या लेबलवरची अक्षरं बुरशीनं खाल्ली होती आणि कव्हरं तर गेलीच होती. कपाटभर काळ्या ताटल्या, एकसारख्या, एकीचंही नाव नाही. त्यातली पिवळी कोणती?

मग एकेक लावून बघायला लागलो. लावायची, दुसऱ्या बाजूच्या शेवटाकडे सुई न्यायची, ऐकायची, काढायची. बायको जेवण वर आणून ठेवायची. तिला अक्काबद्दल माहीत होतं. मधूनच अक्काचा फोन आला, "काय करी राहिना?" मी म्हटलं, "बठ्ठं मस्त शे, अक्का. पिवळी वाट पाहतेय तुझी." ती कल्पना तिची होती ना. सावद्याचं तिच्याच डोक्यातून निघालं होतं. आजारी माणसाला हे सांगायचं? मी ठरवलं, तिला कळू द्यायचं नाही. कव्हर मागितलं तर बघू.

आणि एका दुपारी ती सापडली. खरखर फार होती, पण ऑर्गन चढला, सगळे थांबले आणि बाई हसली. मी खाली फरशीवर बसलो आणि पोरासारखा रडलो. मला वाटलं, चला, झालं आपलं काम. आता अक्का येते, झोक्यावर बसते, पुढचं पुढे.

तिला आणायला निघायच्या आदल्या दिवशी दाजी फोनवर म्हणाले होते, बघू, तब्येत पाहून ठरवू. तरी मी सकाळीच निंबाला झोका बांधला, वर गादी टाकली, आणि निघालो. पिवळी साध्या पांढऱ्या कागदी पिशवीत घातली, जुना सुटकेसवाला प्लेअरही मागे टाकला, असू द्यावा म्हणून. गाडीचा एसी इतका वाढवला की मला हुडहुडी भरली.

धुळ्याला दाजींनी दार उघडलं आणि मान हलवली. डॉक्टर नाही म्हणाले होते. अक्का आत पलंगावर होती. नवी साडी नेसून बसली होती, बॅग भरलेली होती. मी पाहिलं आणि मला तिचा चेहराच सापडेना, एवढी उतरली होती. ती म्हणाली, "मुऱ्हाळी ऊना! आनि मी नही येऊ शकस." मग माझ्या हातातल्या पिशवीकडे बोट करून, "पिवळी शे ना ती? कव्हर कोठे शे?"

मी म्हटलं, घरी ठेवलं, प्रवासात खराब नको व्हायला. हसत हसत म्हटलं. तिनं हात पुढे केला. मी रेकॉर्ड काढून दिली. तिनं ती दोन्ही तळव्यांत कडेकडेनं धरली, मी लहानपणी तिला शिकवलं होतं तशी, आणि तोंडाजवळ नेली.

"केळीना वास ई राहिना, भो."

केळ्याचा वास तिला आला होता. ती म्हणाली, मला वाटलंच होतं. एवढे दिवस फोनवर तू गोड बोलत होतास, कोणालाच शिव्या देत नव्हतास. तू कधी गोड बोलतोस का? काहीतरी बिघडलंय हे मी तेव्हाच ओळखलं. मग हसून म्हणाली, "अक्कल मनीच शे ना!" म्हणजे, कल्पना माझीच ना. मी तिच्या पलंगाच्या काठाशी डोकं टेकलं. कव्हर गेलं अक्का, तुझा अंगठा गेला, असं काहीतरी बोललो. ती माझ्या डोक्यावर थापटत म्हणाली, त्या अंगठ्यासाठी किती ओरडला होतास तू!

प्लेअर स्टुलावर मांडला. दाजी उभेच होते, दाराला टेकून. ऑर्गन सुरू झाला तशी चादरीखाली तिची पावलं हलायला लागली. पुढे, मागे, पुढे, मागे. मी त्या पावलांकडेच बघत होतो. सगळे वादक थांबले, बाई हसली, आणि अक्काचं तोंड उघडलं. आवाज आला नाही. पण ती हसली. मी पाहिलं. ड्रम आला तेव्हा तिला खोकला लागला, दाजींनी पाणी दिलं. घोटभर पिऊन ती म्हणाली, "आखो एक डाव."

मी सुई मागे नेली. तिसऱ्यांदा नेईपर्यंत तिला झोप लागली होती.

परतताना एरंडोलला थांबलो. भजीवाला ओळखीचा, त्यानं गाडीत डोकावून विचारलं, अक्का कुठंय? मुऱ्हाळी एकटा परत येत नसतो. मी म्हटलं, पुढच्या वर्षी. घरी आलो तर निंबाला झोका वाऱ्यानं हलत होता. गादी बायकोनं काढून ठेवली होती. चार दिवस मी तो दोर सोडू दिला नाही.

पावसाळा लागायच्या आत अक्का गेली.

यंदाच्या आखाजीलाही मी धुळ्याला गेलो. आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर खरबूज आणि आंबा ठेवतात. लेक सासरची, म्हणून तिची घागर सासरी. तिच्या मुलानं भरली, दाजींनी फुलं वाहिली. मला पाटावर बसवून जेवू घातलं. आमरस वाढला. भावाला तिथं करायला काहीच नसतं, तो पाहुणा असतो. मी जेवून उठलो, दाजींना भेटलो आणि एरंडोलला न थांबता घरी आलो.

इंटरनेटवर पिवळीचं कोरं करकरीत कव्हर विकायला आहे. पुण्याच्या दोस्तांनी मला दोनदा कळवलं. घेऊन काय करू? त्या बाईच्या गालावर डाग नाही.

घरी येऊन झोका बांधला. खिडकीत प्लेअर ठेवला, पिवळी लावली आणि झोक्यावर जाऊन बसलो. माझ्या वजनानं फांदी करकरली. पिवळीला मी आधी हुंगून पाहिलं होतं. केळ्याचा वास आता जवळजवळ राहिला नाही, फार नाक लावलं तर जरासा येतो. ऑर्गन चढला. सगळे थांबले. बाई हसली, आणि तिच्यामागून कोणीच हसलं नाही. ड्रम आला.

"आखो एक डाव," मी मोठ्यानं म्हटलं.

मग झोक्यावरून उतरलो, खिडकीपाशी गेलो आणि सुई मागे नेली. पूर्वी ती म्हणायची आणि मी न्यायचो. आता दोन्ही कामं मलाच करावी लागतात.